माल नव्हे, कागद

इ. स. १९४० च्या मार्च महिन्याच्या २९ तारखेस लंडनच्या हॅम्ब्रोज बँकेकडे डेन्मार्कमधील तिच्या प्रतिनिधी-बँकेची एक तार आली. ऑर्हूस येथील एका तेल-कारखान्याच्या खाती सुमारे १६,९७५ पौंडांचे पतपत्र रेनर आणि कंपनी या व्यापारी पेढीच्या नावे उघडावे, आणि मद्रासहून 'झीलँड' या जहाजाने ऑर्हूसला जाणाऱ्या, पोत्यांत भरलेल्या सुमारे १४०० टन 'कोरोमंडल भुईमुगा'चे बीजक व बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची जहाजकंपनीची पावती, त्या पेढीने आणून दिली की दर टनास १२ पौंड २ शिलिंग ६ पेन्स या भावाने तिची रक्कम चुकती करावी, असा त्या तारेचा आशय होता. माल ठरल्याप्रमाणे जहाजावर चढला आणि पेढीने आपली कागदपत्रे बँकेत रुजू केली. बीजकात 'कोरोमंडल भुईमूग' हे शब्द जसेच्या तसे होते. परंतु बिल ऑफ लेडिंगमध्ये त्याच मालाचे वर्णन 'यंत्राने सोललेले भुईमुगाचे दाणे' असे केलेले होते. बँकेने पैसे देण्याचे नाकारले.

याच सुमारास, ९ एप्रिल रोजी, जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. खरेदीदाराकडे दाद मागण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि विक्रेत्याला जो काही आधार उरला तो लंडनच्या बँकेने दिलेल्या वचनाचाच. पेढीने दावा लावला. तेलबियांच्या व्यापारात मुरलेल्या माणसांनी साक्ष दिली की, या दोन वर्णनांनी बाजारात एकच माल ओळखला जातो. ही साक्ष पहिल्या न्यायाधीशांना पटली आणि त्यांनी पेढीच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. न्यायमूर्ती मॅकिनन यांनी जे तत्त्व मांडले त्याचा सारांश असा की, बँक हजारो धंद्यांच्या व्यवहारांसाठी पतपत्रे देत असते, आणि त्या प्रत्येक धंद्यातील रूढी व संकेत तिला ठाऊक असले पाहिजेत अशी अपेक्षा धरणे सर्वथा अशक्य आहे. तारेत जे मागितले होते ते बिल ऑफ लेडिंगमध्ये नाही, एवढे बँकेने दाखविले, आणि न्यायालयाला तेवढे पुरेसे वाटले.

भुईमूग खरा, पोती खरी, जहाज खरे, भाव ठरलेला, आणि तरीही पैसे नाहीत. हे वाचून सामान्य माणसाच्या मनात अन्यायाची भावना उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु पतपत्राची सारी रचना ज्या एका गरजेतून जन्मास आली ती गरज नीट ध्यानी घेतली, म्हणजे या कठोरपणाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. आणि ज्या देशातून तो भुईमूग गेला त्या देशातील आजच्या निर्यातदाराला तर हा अर्थ कळणे अत्यंत निकडीचे आहे, कारण त्याच्या बाबतीत हाच प्रसंग निराळ्या मालाचे आणि निराळ्या बंदराचे नाव घेऊन नित्य घडत असतो.

विक्रेता एका देशात, खरेदीदार दुसऱ्या देशात. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नाही, दोघांचे कायदे वेगळे, न्यायालये वेगळी, चलने वेगळी. पैसे हाती आल्यावाचून माल सोडला तर तो कायमचा गेला असे विक्रेत्यास वाटते, आणि माल हाती आल्यावाचून पैसे पाठविले तर तेही गेले असे खरेदीदारास वाटते. आणि दोघांचेही भय रास्त असते. या कोंडीत बँक स्वतःचे वचन घालते. खरेदीदाराच्या सांगण्यावरून ती विक्रेत्यास लिहून देते की, अमुक मुदतीच्या आत अमुक कागद, अमुक मजकुराचे, तू आणून दिलेस तर तुझे पैसे मी देईन. मग खरेदीदाराचे दिवाळे निघो, त्याचे मन फिरो, अथवा त्याच्या देशावर परचक्र येवो. हे लेखी वचन म्हणजेच पतपत्र, व्यापाऱ्यांच्या नित्य बोलण्यातली 'एलसी'. विक्रेत्याचा आपल्याला अपरिचित असलेल्या परदेशी बँकेवरही विश्वास नसेल, तर त्याच्याच शहरातील एखादी बँक त्या वचनाला आपलेही वचन जोडते आणि मग व्यवहार अधिक पक्का होतो.

परंतु असे वचन देणाऱ्या बँकेला भुईमुगातले काय कळते? तिच्यापाशी ना गोदाम आहे, ना जहाज, ना मालाचा पारखी. तिचे मानधन रकमेच्या मानाने अत्यल्प असते, आणि जोखीम मात्र संपूर्ण रकमेची. मालाची खातरजमा करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली, तर जगातल्या प्रत्येक बंदरावर तिला आपले तज्ज्ञ बसवावे लागतील, आणि त्या खर्चाने पतपत्र इतके महाग होईल की छोट्या व्यापाऱ्याला ते कधीच परवडणार नाही. म्हणून बँक मालाकडे पाहत नाही. ती केवळ कागद पाहते, आणि पतपत्रात जे मागितले आहे ते या कागदांत आहे किंवा नाही एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या व्यापारात जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य उठून दिसते. जहाजावर चढविलेल्या मालाच्या आधाराने ही हुंडी लिहिली जाई. जो सराफ ती विकत घेऊन विक्रेत्यास पैसे देई त्याने सागराची जोखीमही पत्करलेली असे, कारण माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे मिळावयाचे, जहाज बुडाले तर ते बुडाले. पैसा आणि माल यांचे भवितव्य तेथे एकत्र बांधलेले होते. ठरावीक बंदरे, ओळखीचे तांडेल आणि पिढीजात पेढ्या यांच्या परिघात हे शोभत असे. पतपत्राने ही गाठ सोडविली. सागराची जोखीम विमाकंपनीकडे गेली, मालाच्या प्रतीची जबाबदारी तपासनिसाकडे गेली, माल जहाजावर चढला की नाही हे सांगण्याचे काम जहाजकंपनीकडे राहिले, आणि तो कोणत्या देशाचा हे सांगण्याचे काम व्यापारी मंडळाकडे. यांतील प्रत्येकाने आपल्यापुरता एक दस्तऐवज द्यावयाचा. म्हणजे बँकेच्या मेजावर येणारा प्रत्येक कागद ही एका त्रयस्थाची साक्ष असते, आणि बँकेचा कारकून त्या साक्षी एकमेकींशी आणि पतपत्राशी जुळतात की नाही याची रुजवात घालीत असतो. साक्षीदाराच्या मनात काय होते हे शोधण्याचा अधिकार त्याला नाही, आणि तो दिला तर कोणाचेच भले होणार नाही.

या नियमाने संरक्षण कोणाचे होते, याचा प्रत्यय १९२० च्या दशकातील एका खटल्यात येतो. लंडनच्या डॉसन या पेढीने बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, एका विक्रेत्याकडून व्हॅनिलाच्या शेंगा घेण्याचे ठरविले, आणि शपथबद्ध दलाल असलेल्या तज्ज्ञांनी मालाची पारख करून दिलेले प्रमाणपत्र कागदांत असले पाहिजे अशी अट पतपत्रात घातली. अट 'तज्ज्ञांची', अनेकवचनी होती. परंतु सांकेतिक तारेच्या भाषेत एकवचन व अनेकवचन यांना एकच चिन्ह असल्यामुळे बटाव्हियाच्या बँकेस ती एका तज्ज्ञाची वाटली, आणि एकाच तज्ज्ञाचे प्रमाणपत्र घेऊन तिने पैसे दिले. पेट्या उघडल्या तेव्हा थोड्याशा शेंगांखाली काटक्या, दगड आणि मोडके लोखंड निघाले. पतपत्र उघडणारी बँक ही रक्कम खरेदीदाराकडून वसूल करू पाहत होती. १९२७ च्या निवाडे-संग्रहात नोंदलेल्या या वादात हाउस ऑफ लॉर्ड्सने तिला ती मिळू दिली नाही. लॉर्ड समनर यांनी तेव्हा बजावले की, जवळजवळ तसेच असलेले किंवा तेवढेच काम भागविणारे कागद या व्यवहारात चालावयाचे नाहीत. एका तज्ज्ञाला विकत घेणे जितके सोपे, तितके दोघांना नसते. खरेदीदाराने नेमके हेच ओळखून ती अट घातली होती, आणि बँकेने जी सूट दिली ती त्याच्या संरक्षणाचीच होती. मद्रासच्या भुईमुगात ज्या तत्त्वाने विक्रेता नाडला गेला, त्याच तत्त्वाने व्हॅनिलाच्या खरेदीदाराला तारले.

तथापि प्रत्येक देशाने आणि प्रत्येक बँकेने आपापल्या शिरस्त्याप्रमाणे कागद तपासावेत, ही स्थिती फार काळ चालणे शक्य नव्हते. पॅरिस येथे मुख्य कचेरी असलेल्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या १९१९ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९३३ मध्ये पतपत्रांसाठी एकसमान नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या आवृत्त्या वेळोवेळी सुधारत गेल्या. ब्रिटिश बँकांनी तर ती १९६२ च्या सुधारणेनंतर स्वीकारली, म्हणजे भुईमुगाचा निकाल लागला तेव्हा हे नियम लंडनमध्ये लागूच नव्हते. आज चालू असलेली आवृत्ती, बँकांच्या भाषेतली 'यूसीपी ६००', १ जुलै २००७ पासून अंमलात आली. तिच्यात ३९ कलमे आहेत. ती कोणत्याही सरकारने केलेला कायदा नसून पतपत्रात तिचा उल्लेख केल्याने उभय पक्षांवर बंधनकारक होणारा करार आहे. पण मुंबईपासून मोम्बासापर्यंतच्या बँका तिच्याच आधाराने कागद वाचतात, त्या अर्थी तिचे सामर्थ्य पुष्कळ कायद्यांहून मोठे आहे.

या नियमावलीने जुना कठोरपणा ठेवला, परंतु त्याला विवेकाची जोड दिली. मालाचे वर्णन बीजकात पतपत्राबरहुकूम असलेच पाहिजे. इतर कागदांत मात्र ते ढोबळ शब्दांत असले तरी चालते, फक्त ते पतपत्राशी विसंगत असता कामा नये. कागदांतील तपशील परस्परांशी तंतोतंत एकरूप असण्याची गरज नाही. त्यांच्यात विरोध नसला म्हणजे झाले. पत्त्यांतील किरकोळ फरक देश तोच असेल तर सामान्यतः सोडून दिला जातो. या सुधारित नियमांच्या उजेडात पाहिले तर 'यंत्राने सोललेले भुईमुगाचे दाणे' हे बिल ऑफ लेडिंगवरील शब्द आज बहुधा अडथळा ठरले नसते, असे मला वाटते. काही बाबतींत मात्र नियम आकड्यांवर ठाम आहेत. विमा मालाच्या भाडे-विम्यासह किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा आणि पतपत्राच्याच चलनात हवा. रकमेपूर्वी किंवा परिमाणापूर्वी 'सुमारे' हा शब्द असेल तर दहा टक्क्यांपर्यंत कमीअधिक चालते. माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत, आणि काहीही झाले तरी पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी, कागद बँकेत रुजू झाले पाहिजेत. पतपत्रात याहून कमी दिवस लिहिले असतील तर अर्थात तेच खरे.

अक्षराच्या चुकीचे काय करावयाचे, हा प्रश्न नियमावलीपेक्षा न्यायालयांपुढे अधिक वेळा आला, आणि त्याची उत्तरे एकसारखी नाहीत. येमेनमधील एका व्यवहारात ज्याला माल पोहोचल्याची सूचना द्यावयाची त्याच्या आडनावातील 'एफ' हे अक्षर बिल ऑफ लेडिंगमध्ये 'आर' असे उमटले होते. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ही विसंगती गंभीर मानून बँकेचा नकार उचलून धरला. उलट हाँगकाँगच्या न्यायालयाने १९९१ मध्ये कंपनीच्या नावात 'इंडस्ट्रीज'च्या ठिकाणी 'इंडस्ट्रियल' असे पडले होते ते उघड उघड लेखनदोष ठरवून बँकेस पैसे देण्यास भाग पाडले. पुढे पॅरिसच्या त्याच संस्थेने कागद-तपासणीच्या प्रथांचा जो संग्रह केला त्यात याचा उत्तम निकष सापडतो: 'मशीन' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एखादे अक्षर चुकले तर अर्थ बदलत नाही, म्हणून तो दोष नव्हे, पण यंत्राचा नमुना क्रमांक ३२१ च्या ऐवजी १२३ असा पडला तर तो दोष, कारण तेथे वस्तूच बदलण्याचा संभव आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सारा विवेक या एका उदाहरणात आला आहे. चूक पाहताक्षणीच चूक म्हणून ओळखता येत असेल तर ती निरुपद्रवी, आणि ती दुसऱ्या एखाद्या खऱ्या वस्तूचे अथवा व्यक्तीचे वर्णन ठरू शकत असेल तर ती घातक.

इतके सारे असूनही व्यवहारात काय घडते? यूसीपी ६०० च्या प्रास्ताविकातच नमूद आहे की, अनेक पाहण्यांत पतपत्राखाली सादर होणाऱ्या कागदांपैकी सुमारे ७० टक्के पहिल्या सादरीकरणात नाकारले जात असल्याचे आढळले. दहांतील सात जणांचे कागद पहिल्या फेरीत परत यावेत, ही गोष्ट एखाद्या कारकुनाच्या हलगर्जीपणाने समजावून सांगता येणार नाही.

समजा, सोलापूरच्या एका कारखानदाराने हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यास सुती टॉवेल विकले. पतपत्र आले तेव्हा कारखान्यात आनंद झाला, रक्कम आणि मुदत तेवढी वाचून ते फाइलमध्ये गेले, आणि मालक मागाकडे वळला. त्यात 'शंभर टक्के कापसाचे टेरी टॉवेल' असे वर्णन होते, आणि बीजक करणाऱ्या मुनिमाने नेहमीच्या सवयीने 'कॉटन टॉवेल' असे लिहिले. विमा मालाच्या किमतीइतकाच उतरविला. सूत उशिरा मिळाल्यामुळे न्हावाशेवाला कंटेनर पोहोचावयास चार दिवस अधिक लागले, आणि ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तो जहाजावर चढला. जहाजकंपनीकडून बिल ऑफ लेडिंगचा पूर्ण संच हाती यावयास आणखी आठवडा गेला. या प्रत्येक गोष्टीत अप्रामाणिकपणाचा लवलेशही नाही. टॉवेल उत्तम आहेत, आणि ते समुद्रात मार्गस्थ झाले आहेत. परंतु ज्या क्षणी हे कागद बँकेच्या मेजावर पडतात त्या क्षणी बँकेचे वचन गळून पडते, आणि ज्या अपरिचित खरेदीदाराच्या लहरीपासून सुटका व्हावी म्हणून पतपत्राचा सारा खर्च सोसला, त्याच्याच लहरीवर कारखानदार पुन्हा येऊन ठेपतो.

यापुढे जे घडते ते बाजारभावावर अवलंबून असते, आणि या साऱ्या विषयातील अत्यंत क्लेशदायक भाग हाच आहे. नियमाप्रमाणे पतपत्र उघडणारी बँक आपल्या मर्जीनुसार खरेदीदाराला विचारू शकते की, हे दोष तुला मान्य आहेत काय. भाव चढलेले असतील, तर तो तत्काळ होकार देतो. दोषांचे शुल्क म्हणून ठरावीक रक्कम कापून बँक बाकीचे पैसे देऊन टाकते, आणि कारखानदाराला आपण किती काठावरून गेलो हे कळतही नाही. भाव उतरलेले असतील, तर तोच खरेदीदार 'शंभर टक्के' या दोन शब्दांवर अडून बसतो, माल हॅम्बुर्गच्या धक्क्यावर भाडे चढवीत पडतो, आणि पंधरा-वीस टक्के सूट द्या असा निरोप येतो. दोष शोधणारा तेथे कागद वाचीतच नसतो. त्याला करारातून निसटण्याची वाट हवी असते. या दुरुपयोगाला आळा घालण्यासाठी यूसीपीने बँकेवरही बंधने लादली आहेत: कागद सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या कामकाजाच्या पाच दिवसांच्या आत तिने निर्णय केला पाहिजे, नाकारावयाचे तर एकाच सूचनेत सगळे दोष नमूद केले पाहिजेत, आणि ही मुदत अथवा पद्धत तिने पाळली नाही तर दोष असूनही त्यांचा आधार घेण्याचा हक्क ती गमावते. पूर्वीच्या आवृत्तीत ही मर्यादा 'वाजवी काळ, परंतु सात दिवसांहून अधिक नाही' अशी होती, आणि त्या 'वाजवी' शब्दावर पुष्कळ भांडणे झाली. आपल्या छोट्या निर्यातदारांना दोष कोणते हे निदान माहीत असते, परंतु परदेशी बँकेची सूचना आली कधी आणि तिच्यात काय लिहिले होते हे तपासण्याचा हक्क आपल्याला आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते.

कागद निर्दोष, आणि माल मात्र खोटा, अशा वेळी काय? १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे आलेल्या एका फिर्यादीत असे कथन होते की, लखनौच्या एका विक्रेत्याने डुकराच्या राठ केसांच्या नावाखाली पन्नास पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरून पाठविला, आणि त्यासाठी निर्दोष दिसणारे कागद तयार करून कानपूरच्या बँकेमार्फत पैसे मागितले. फिर्यादीतील कथन खरे धरून न्यायमूर्ती शिएन्टॅग यांनी सांगितले की, मालाच्या प्रतीविषयीचा तंटा आणि समजून उमजून केलेली लबाडी यांत भेद आहे. पैसे दिले जाण्यापूर्वी लबाडी बँकेच्या नजरेस आणून दिली असेल, तर कागदांच्या शुद्धतेची ढाल लबाडाला मिळू नये. हा अपवाद आपल्याकडेही मान्य आहे, आणि तो मुद्दामच अरुंद ठेवलेला आहे. फराक्का प्रकल्पाच्या कालव्यासाठी आणलेल्या सोव्हिएत यंत्रांच्या व्यवहारात, १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर देय रकमेवरून वाद पेटला, आणि मद्रासच्या खरेदीदार पेढीने बँकेला पैसे देण्यापासून रोखावे अशी मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही, कारण मूळ कराराचा तंटा करारातच राहावा, पतपत्राच्या वचनाला त्याने ग्रहण लावू नये.

या तत्त्वाची अखेरची कसोटी मात्र पेरूच्या खटल्यात लागली. इंग्लंडहून पेरूला काच-तंतू तयार करण्याची यंत्रसामग्री जावयाची होती, आणि ती १५ डिसेंबर १९७६ पर्यंत जहाजावर चढलीच पाहिजे अशी पतपत्राची अट होती. माल चढला १६ तारखेला. जहाजभरणी करणाऱ्या दलालाच्या माणसाने बिल ऑफ लेडिंगवर १५ तारीख घातली. विक्रेत्याला याची गंधवार्ता नव्हती. १९८२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, विक्रेता स्वतः लबाडीत सामील नव्हता, कागद वरकरणी पतपत्राबरहुकूम होते, सबब बँकेने पैसे दिले पाहिजेत. म्हणजे खोटी तारीख असलेल्या कागदाचे पैसे मिळाले, आणि खरे वर्णन असलेल्या भुईमुगाच्या कागदाचे मिळाले नाहीत. या दोन निकालांकडे एकत्र पाहताना मन अस्वस्थ होते, हे मी लपवीत नाही. तरीही पहिल्या निकालाचे कारण आणि दुसऱ्याचे कारण एकच आहे, आणि ते बाजूला सारले तर प्रत्येक बँकेला प्रत्येक तारखेची चौकशी करीत बसावे लागेल, आणि वचनाला किंमत उरणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता कागदाचे रूपही पालटत आहे. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांसाठी यूसीपीला जोडलेली पूरक नियमावली २००२ पासून आहे, आणि आपल्याकडे १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला. माध्यम बदलले तरी रुजवात घालण्याचे काम तेच राहील, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

निर्यातदाराच्या हाती जे आहे ते पतपत्र येते त्या दिवशी असते. माल तयार होण्यापूर्वी, मालकाने आणि मुनिमाने एकत्र बसून, त्यातील प्रत्येक अट वाचावी आणि हा कागद आपल्याला कोण देणार, कधी देणार, आणि तो देण्याचे नाकारण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही केलेले तपासणी-प्रमाणपत्र हवे, असे एखादे कलम साळसूदपणे आत बसलेले असते. ते मान्य केले तर बँकेचे वचन खरेदीदाराच्या सहीच्या मागे दडले, आणि पतपत्र नावापुरतेच उरले. अशी अट, अथवा न जमणारी तारीख, अथवा चुकीचे वर्णन दिसले, तर दुरुस्ती मागण्याची हीच वेळ, कारण तेव्हा खरेदीदाराला मालाची गरज असते आणि माल अजून आपल्या गोदामात असतो. दुरुस्ती विक्रेत्याच्या संमतीवाचून त्याच्यावर लादता येत नाही, आणि ती अर्धी स्वीकारून अर्धी नाकारताही येत नाही, हेही नियमात स्पष्ट आहे.

कागदांचे कच्चे मसुदे जहाज सुटण्यापूर्वी आपल्या बँकेच्या निर्यात विभागाला दाखवावेत. अनेक बँका ते पाहून देतात. आणि सादरीकरणाला मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये, कारण नकार हा शेवट नसतो: मुदत शिल्लक असेल तर परत आलेले कागद दुरुस्त करून पुन्हा रुजू करता येतात, बीजक तासाभरात नव्याने लिहिता येते, पॅकिंग लिस्ट बदलता येते, व्यापारी मंडळाकडून प्रमाणपत्र पुन्हा घेता येते. बिल ऑफ लेडिंगवरील जहाजभरणीची तारीख मात्र कोणत्याही प्रामाणिक मार्गाने मागे नेता येत नाही. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे सूत उशिरा येणार असे कळल्याच्या दिवशीच हॅम्बुर्गला लिहून मुदत वाढवून घेणे.